नाशकात कोको: झाड, बी आणि चॉकलेट – काय जमतं, काय नाही

मखमलाबादकर
मंडळी, बागेच्या कडेला पाच गुंठ्यांचं शेडनेट रिकामं पडलंय. सांगाडा धड आहे, ५० टक्क्यांची हिरवी जाळी, ठिबक चालू. माती काळी, बोअरच्या पाण्याचा पीएच ७.९. सध्या गावोगाव रोपं विकणारे फिरताहेत: 'कोको लावा, सावलीचं झाड आहे, तिसऱ्या वर्षी माल चालू, चॉकलेटवाले दारात येऊन घेतील.' रोप ३५० रुपये. आमच्याकडे कोको कुणी लावलेला दिसत नाही. जमत नाही म्हणून की कुणी करून पाहिलं नाही म्हणून? आणि झाड नाहीच जमलं, तर निदान वाळलेलं बी आणून घरी चॉकलेट करता येतं का? दोन्ही बाजूंनी नीट, आकड्यांत सांगा. 'प्रयोग करून बघा' असं सांगू नका, प्रयोगाला पैसे लागतात.

सावलीतलं झाड
सावलीचं झाड आहे हे खरं, पण विक्रेता तेवढंच अर्धं वाक्य सांगतो. कोको मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, उंच झाडांच्या पोटाखाली वाढणारा. तिथे सावलीबरोबर वर्षभर दमट हवा असते, पायाखाली पालापाचोळ्याचा ओला थर असतो, वारा लागत नाही आणि थंडी नावाची गोष्ट नसते. जाळीने यातली फक्त पहिली गोष्ट मिळते.

त्याला लागतं काय: तापमान १५ ते ३५ च्या मध्ये, २५ च्या आसपास सगळ्यात खूश. पाऊस १५०० ते २००० मिलिमीटर, तोही वर्षभर विभागून. आता नाशिक शहराचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटर, तो चार महिन्यांत संपतो. जानेवारीत निफाडचा पारा ५ च्या खाली उतरतो ते दरवर्षी बातम्यांत येतं. एप्रिलमध्ये ४० अंश आणि दुपारी हवा इतकी कोरडी की धुतलेली चादर तासाभरात वाळते.

थंडीत काय होतं: पारा १० च्या खाली गेला की कोवळी पालवी आधी मरते. कोकोची नवी पानं तांबूस, मऊ, लोंबती येतात. ती काळी पडून गळतात. पाठोपाठ फुलं थांबतात. उन्हाळ्यात उलटं: मुळाशी पाणी असूनही पानांच्या कडा करपतात, कारण कोरड्या वाऱ्यात पान जेवढं पाणी सोडतं तेवढं मूळ वर पाठवू शकत नाही. ठिबकचे तास वाढवून हे सुटत नाही. उलट काळ्या मातीत मुळं गुदमरतात आणि लक्षणं तीच दिसतात, म्हणून माणूस आणखी पाणी सोडतो. बहुतेक रोपं इथेच जातात.

तुमच्या हिशेबाचं बोलू. पाच गुंठे म्हणजे ५०० चौरस मीटर. ३ बाय ३ मीटरवर ५५ झाडं. केरळ-कर्नाटकात नीट सांभाळलेलं झाड वर्षाला ४० च्या आसपास फळं देतं, म्हणजे सव्वा ते दीड किलो वाळलेलं बी. हे सगळं आपल्याकडे जसंच्या तसं आलं असं समजू, तरी ७०-८० किलो. किलोला ५०० धरा. चाळीस हजार. त्यातून हवा दमट ठेवायला धुकं उडवणाऱ्या फॉगरची वीज, हिवाळ्याचं प्लॅस्टिक, मजुरी. आणि तिसऱ्या वर्षी 'माल' नव्हे, फुलं आणि चुकार फळं. खरा तोडा पाचव्या-सहाव्या वर्षी.

पंचवटी एक्सप्रेस
भावाचा मुद्दा आला म्हणून: २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला होता, रोपविक्रेते तोच आकडा दाखवतात. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोनच देशांतून येतो. तिथे पाऊस बिघडला, काळी कूज आणि फांद्या सुजवणारा विषाणू वाढला, माल घटला, म्हणून ती उसळी. २०२५ संपेपर्यंत भाव निम्म्याच्याही खाली आला. सहा वर्षांनी येणाऱ्या पिकाचं गणित एका वर्षाच्या भावावर मांडू नये. कांदा पिकवणाऱ्या जिल्ह्याला हे मी सांगायला नको.

घाटमाथा
'नाशिक' म्हणजे फक्त निफाड-दिंडोरी नव्हे. इगतपुरीला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पेठ, सुरगाणा विसरलात?

सावलीतलं झाड
@घाटमाथा, इगतपुरीचा पाऊस बघून भुलायचं नाही. कोकोचा प्रश्न जुलैचा नाही, फेब्रुवारी ते मेचा आहे. शिवाय इगतपुरी ६०० मीटरवर, वारा भणाणता. सुरगाणा-पेठचं मात्र मान्य. गुजरातकडे उतरणाऱ्या खालच्या दऱ्यांत थंडी कमी, माती तांबडी, पीएच आटोक्यात, आंब्याची दाट सावली आधीच आहे. जिल्ह्यात कुठे शक्य असेल तर तिथेच. अट एकच, मेअखेरपर्यंत झाडाला रोज १५-२० लिटर पाणी पुरलं पाहिजे. त्या भागात मेमध्ये पिण्याचे टँकर फिरतात, हेही लक्षात घ्या.

गंगापूररोड
आमच्याकडे घरी कोकम लावलंय, त्यालाच कोको म्हणतात ना? त्याच्या बियांचंही लोणी निघतं म्हणे.

पाटावरवंटा
नाही ताई. कोकम वेगळं, कोको वेगळा, आणि 'कोकोपीट'मधला कोको म्हणजे नारळ. तिन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. कोको भेंडी-जास्वंदीच्या कुळातला. पण तुमची गोष्ट अगदीच वावगी नाही. कोकमाच्या बीचं तेल, दक्षिण कोकणात ज्याला मुठेल म्हणतात, ते कोकोच्या लोण्यापेक्षा जास्त तापमानाला वितळतं. उष्ण हवेत चॉकलेट टणक राहावं म्हणून काही जण ते थोडं मिसळतात. फार घातलं तर मेणासारखं टाळूला चिकटतं.

काळी माती
मातीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ७.९ पीएचचं पाणी आणि चुनखडीची काळी जमीन असेल तर थंडी-ऊन यायच्या आधीच झाड पिवळं पडेल. कोकोला ६ ते ७ लागतो, ६.५ ला उत्तम. वर गेलं की मातीत लोह असूनही मुळाला घेता येत नाही. ओळख सोपी: नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या. जुनी पानं पिवळी आणि नवी हिरवी असतील तर तो नत्राचा प्रश्न, लोहाचा नाही.

द्राक्षवाल्यांच्या घरात लोह देणारं ईडीटीए चिलेट पडलेलं असतं, तेच टाकतात आणि फरक पडत नाही. ईडीटीए साडेसहाच्या वर लोह धरून ठेवत नाही. ईडीडीएचए लागतं, ते लालभडक रंगाचं. १०० लिटरच्या ड्रममध्ये कुणी झाड लावलं तर त्याला ५ ग्रॅम पाण्यात विरघळवून मुळाशी, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा. हे मलम झालं. खरं औषध म्हणजे बोअरचं पाणी कमी आणि साठवलेलं पावसाचं पाणी जास्त. फॉगरला तर बोअरचं पाणी अजिबात नको: पानांवर पांढरे डाग बसतात, आणि महिन्याभरात नोझल चोंदतात.

मखमलाबादकर
बरं. म्हणजे पाच गुंठ्यांचा विषय मिटला. पण हौसेला तीन-चार झाडं ड्रममध्ये, जाळीखाली, घराच्या आडोशाला? ते सांगा. बी कुठून, रोप की कलम?

सावलीतलं झाड
हे जमतं. पण दोनपेक्षा कमी लावू नका, आणि दोन्ही वेगवेगळ्या आईची लावा. बऱ्याच कोकोझाडांना स्वतःचेच पराग चालत नाहीत. एका झाडाला हजारो फुलं येतील आणि सगळी गळतील. एकाच मातृवृक्षाची चार कलमं आणली तरी तेच, कारण ती चारही आतून एकच झाड असतात.

रोप सरकारी केंद्रातूनच घ्या. कर्नाटकात विट्टल इथलं केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेचं केंद्र (त्यांच्या जाती व्हीटीएलसी या अक्षरांनी सुरू होतात) आणि त्रिशूरजवळ वेल्लानिक्करा इथलं केरळ कृषी विद्यापीठ (यांच्या जाती सीसीआरपी या अक्षरांनी). कुठली जात ते विचारा. जो फक्त 'हायब्रीड कोको' म्हणतो त्याला जातीचा नंबर माहीत नसतो.

बियांपासून करणार असाल तर अख्खं पिकलेलं फळ मागवा, सुटं बी नाही. कोकोचं बी वाळलं की मेलं. फ्रिजमध्ये ठेवलं तरी मेलं. भोपळ्याचं बी जसं डब्यात वर्षभर राहतं तसं हे नाही. फळातून काढल्यावर आठवड्याच्या आत उगवणशक्ती झपाट्याने घसरते. ऑनलाइन पुडीत येणारं वाळकं बी खायच्या कामाचं, पेरायच्या नाही.

पेरायची रीत: बीवरचा पांढरा बुळबुळीत गर लाकडी भुशात किंवा कोरड्या राखेत चोळून काढा. गर राहिला तर मुंग्या आणि बुरशी. बीच्या एका टोकाला नाळेचा वण असतो, ते टोक खाली ठेवून पिशवीत सेंटिमीटरभर खोल. उलटं लावलं तर रोपाची मान वाकडी होते. पिशवी ६ बाय १० इंची, तळाला भोकं. दहा-पंधरा दिवसांत बी मातीतून वर उचललं जातं. नोव्हेंबर ते जानेवारी पेरू नका. आपल्याकडे जून-जुलै उत्तम.

ड्रमसाठी: १०० लिटरचा निळा प्लॅस्टिकचा पिंप अर्धा न कापता वरून फक्त झाकणाएवढा कापा, कारण सोटमूळ खोल जातं. तळाला अंगठ्याएवढी आठ भोकं. भरायला तांबडी माती चार घमेली, पानांचं कुजलेलं खत तीन, शेणखत दोन, कोकोपीट एक. काळी माती एक मूठसुद्धा नको. वरून चार बोटं पालापाचोळा, कायम.

खताचं: मोठ्या झाडाला वर्षाला १०० ग्रॅम नत्र, ४० स्फुरद, १४० पालाश अशी शिफारस आहे, दोन हप्त्यांत. ती जमिनीतल्या झाडाची. पहिल्या वर्षी तिचा तिसरा हिस्सा, दुसऱ्या वर्षी दोन हिस्से. ड्रममध्ये त्याचंही निम्मं करा आणि दोनऐवजी सहा हप्ते पाडा, नाहीतर क्षार साठून कडा जळतात. ऑक्टोबरनंतर नत्र बंद. थंडीच्या तोंडावर पालवी फुटली तर ती वाचत नाही.

ओझरची माडी
छाटणी द्राक्षासारखी असते का? खरड छाटणी वगैरे?

सावलीतलं झाड
फांद्या बुडाशी कापणारी खरड छाटणी केलीत तर झाड गेलंच समजा. बियांचं रोप आधी काठीसारखं सरळ वर जातं, मीटर-सव्वा मीटरवर थांबतं आणि त्याच एका जागी तीन ते पाच फांद्या छत्रीच्या काड्यांसारख्या फुटतात. ती छत्री ठेवायची. नंतर खोडातून सरळ वर उसळणारे फुटवे येत राहतात. ते बोटाएवढे असतानाच हाताने मोडायचे, महिन्यातून एकदा फेरी. ठेवले तर ते वर जाऊन दुसरी छत्री करतात, मग तिसरी. झाड जाळीला टेकतं आणि फळ हाताला येत नाही. कलमी रोपाला ही छत्री होत नाही, ते सुरुवातीपासून आडवंतिडवं पसरतं. त्याला बांबू लावून वळण द्यावं लागतं.

थंडीत जाळीच्या आतून २०० मायक्रॉनचं प्लॅस्टिक, उत्तरेची बाजू पूर्ण बंद. रात्री १२ च्या खाली जातंय असं दिसलं की ड्रम घरात.

पेठरोड
फळ धरत नाही ही तक्रार सगळीकडे वाचली आहे. त्यावर बोला.

सावलीतलं झाड
फूल बघितलंय का जवळून? नाण्यापेक्षा लहान, शेवयाएवढ्या देठावर थेट खोडातून लोंबतं. फांदीच्या टोकाला शोधू नका, खोडावरच्या गाठींवर बघा. पाच पाकळ्या, पण प्रत्येक पाकळीचा बुडखा टोपडीसारखा फुगलेला आणि परागकोश त्या टोपडीच्या आत दडलेला. मधोमध पांढरं स्त्रीकेसर, त्याच्याभोवती जांभळट टोकदार पाच वांझ केसर कुंपणासारखे उभे. म्हणजे पराग झाकलेले आणि स्त्रीकेसर कुंपणात. मधमाशी इथे शिरू शकत नाही. हे काम चिलटाएवढी माशी करते. ती कुजक्या ओल्या पाल्यात वाढते. तिच्या देशातसुद्धा शंभरातली एक ते पाच फुलंच धरतात. आपल्या झाडलेल्या, कोरड्या शेडनेटमध्ये ती जवळजवळ नसतेच.

दोन उपाय. एक, झाडाखाली केळीच्या खुंटाचे वीतभर तुकडे पसरा आणि ओले ठेवा, त्यात ही माशी वाढते. दोन, हाताने. फूल पहाटे उमलतं, काम सकाळी ७ ते १० मध्ये उरका. दुसऱ्या झाडाचं ताजं फूल तोडा, चिमट्याने पाकळ्यांच्या टोपड्या ओढून काढा, आतले परागकोश उघडे पडतील. आता ज्या फुलाला फळ हवंय त्याचे एक-दोन जांभळे केसर मोडा, वाट होते, आणि ते परागकोश स्त्रीकेसराच्या टोकावर हलके घासा. एका फुलाला एक पूर्ण फूल खर्चा, कंजूषपणा नको: पराग अपुरे पडले तर फूल धरतं पण फळात बिया कमी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फूल जागेवर असेल तर जमलं. न जमलेलं दीड दिवसात गळतं.

मग पुढची भीती: बोटाएवढी फळं पिवळी पडतात, काळी होतात, वाळून झाडावरच लटकतात. हा बहुतेक वेळा रोग नसतो. झाडाला जेवढी पोसता येतात तेवढीच ठेवून बाकीची ते स्वतः सोडतं. म्हणून ड्रममधल्या झाडावर आठ-दहापेक्षा जास्त फुलं हाताने धरवू नका. फळ तयार व्हायला पाच ते सहा महिने. हिरवं पिवळं होतं, लालसर नारिंगी होतं. ओढून तोडू नका, कात्रीने देठ कापा. खोडावरची गाठ सोलली गेली तर त्या जागी पुन्हा फूल नाही.

काळी माती
रोग नसतो 'बहुतेक वेळा'. पावसाळ्यात मोठ्या फळावर तपकिरी डाग पडून दोन दिवसांत पसरला, वर पांढरी लव दिसली, तर ती काळी कूज, फायटोप्थोरा. द्राक्षावरच्या डाऊनी रोगाचीच भावकी, दोघीही ओल्या पानावर पोहत पसरतात. त्यामुळे उपायही तुमच्या ओळखीचा: १ टक्का बोर्डो मिश्रण, पावसाच्या तोंडावर आणि मग गरजेप्रमाणे. १० लिटरला १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना. दोन वेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत ५-५ लिटर, मग मोरचूद चुन्यात ओता, उलटं नको. लोखंडी पातं बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. कुजलेलं फळ झाडाखाली टाकू नका, पुरा. खार आणि उंदीर हे खरे चोर आहेत, त्यांना बोर्डो चालत नाही, तारेची जाळी चालते.

मखमलाबादकर
झाडाचं पोटभर मिळालं. आता बी.

पाटावरवंटा
इथे नाशिकची बाजू वर आहे. झाडाला जी कोरडी थंड हवा मारते तीच चॉकलेटला हवी असते. डिसेंबर-जानेवारीत घरात २० अंश असतं. केरळात बी पिकतं, पण तिथे घरी चॉकलेट जमवायला एसी लावावा लागतो.

आधी आंबवणं, कारण चव तिथेच बनते. ताजं बी भाजून चॉकलेटचा वाससुद्धा येत नाही, नुसतं कडू-तुरट लागतं. गरातली साखर आधी यीस्ट खातं, मद्य होतं. मग उलथल्यावर हवा मिळते, त्याचं ॲसेटिक आम्ल होतं, ढीग ४५ ते ५० अंशांपर्यंत तापतो, त्या आम्लाने आणि उष्णतेने बी आतून मरतं, जांभळा रंग तपकिरी होतो. सहा दिवसांचं काम, ४८ तासांनी पहिलं उलथणं, मग दर दोन दिवसांनी. घरच्या दहा फळांचं हे होत नाही, कारण एवढासा ढीग तापतच नाही, नुसता आंबट होऊन बुरशी धरतो. कमीत कमी ५-६ किलो ओलं बी, म्हणजे ५० फळं, तेही थर्माकोलच्या खोक्यात केळीच्या पानांत गुंडाळून. तुमच्या ड्रममधली फळं फोडा, गर चोखून खा, तो लिचीसारखा लागतो, आणि चॉकलेटसाठी आंबवून वाळवलेलं बी विकत आणा.

कुणी आंबवून इथे वाळवणार असेल तर एक सावधगिरी. आपल्याकडे एप्रिलच्या उन्हात बी एका दिवसात वरून कडक होतं, आम्ल आत कोंडतं, चॉकलेटला व्हिनेगरचा वास राहतो. पहिले दोन दिवस चार बोटं जाड थर, दुपारी सावलीत, तासातासाला हात फिरवायचा. मग पातळ. सहा-सात टक्के ओलावा राहिला की मुठीत दाबल्यावर कचकच वाजतं.

बी विकत घेताना ५० दाणे उभे चिरून बघा. आतून तपकिरी आणि भेगाळलेलं हवं. पाटीच्या दगडासारखं राखाडी म्हणजे आंबवलंच नाही. पूर्ण जांभळं म्हणजे अर्धवट. थोडे जांभळे चालतात. बुरशीचे दोन-तीनही दिसले तर पोतं परत. धुराचा वास आला तर तोही परत, तो भाजून जात नाही.

गंगापूररोड
भाजायचं कढईत का ओव्हनमध्ये?

पाटावरवंटा
ओव्हन. कढईत टरफल करपतं आणि आत कच्चं राहतं. निवडलेलं १ किलो बी एका थरात, १३० अंशांवर २५ मिनिटं, मध्ये दोनदा हलवा. ब्राउनीचा वास येऊन टरफल तडतडायला लागलं की पाच मिनिटांत बाहेर. खरपूस वास येईपर्यंत थांबलात तर उशीर झाला. लगेच पंख्याखाली गार करा, आतली उष्णता भाजत राहते. मग लाटण्याने भरडा आणि सुपाने पाखडा. या कामाला लोक यंत्रं घेतात, पण ज्या घरात सूप चालवणारा हात आहे तिथे त्याची गरज नाही. किलोतून साधारण ७५० ग्रॅम भरड उरते. टरफलाचे तुकडे काटेकोर काढा, ते दळताना चवीत माती आणतात.

७० टक्क्यांचं प्रमाण: भरड ७००, साखर ३००. भरडीत निम्म्याहून जास्त लोणीच असतं, म्हणून पाणी-दूध न घालता नुसती दळली तरी ती पातळ होते. मिक्सरमध्ये जमत नाही, भांडं तापतं आणि दाणा मोठा राहतो. दगडी वेट ग्राइंडर लागतो. कोइम्बतूरच्या याच इडलीच्या यंत्रांत जरा बदल करून जगभरचे छोटे चॉकलेटवाले काम करतात. पण तो बदल महत्त्वाचा: इडलीचा ग्राइंडर अर्ध्या-पाऊण तासासाठी बनवलेला, चॉकलेटला २४ ते ४८ तास. साध्या यंत्राची मोटर आणि पट्टा जातो. चॉकलेटसाठीचा वेगळा येतो, तो घ्या, नाहीतर साध्याला दर तासाने विश्रांती द्या आणि दाणेदार चॉकलेट गोड मानून घ्या.

भरड आधी मिक्सरमध्ये ओबडधोबड करा. भांडं आणि भरड ५० अंशांपर्यंत कोमट करून मूठमूठ टाका. सगळी एकदम टाकली की दगड अडतात. दोन तासांनी साखर, तीही ओव्हनमध्ये ५० अंशांवर तासभर सुकवून. पहिले काही तास झाकण किलकिलं ठेवा, आंबट वाफ जाऊ द्या. जिभेवर रवाळ लागेनासं झालं की थांबा. फार दळलं तर चिकट होतं.

ओझरची माडी
साखरेऐवजी गूळ?

पाटावरवंटा
सगळ्यांचा हा प्रश्न असतो आणि सगळ्यांचं चॉकलेट इथेच घट्ट होतं. गुळात पाणी असतं आणि तो हवेतलं आणखी ओढतो. कोकोच्या लोण्यात चमचाभर पाणी गेलं की साखरेचे कण एकमेकांना धरतात आणि पातळ चॉकलेटचा क्षणात लगदा होतो. मग कितीही दळा. कोरडी गूळ पावडर घ्या, तीही ओव्हनमध्ये सुकवून, आणि ५० ग्रॅम कोको बटर जास्तीचं. खांडसरी सोपी पडते. पावसाळ्यात गुळाचं चॉकलेट करूच नका.

पेठरोड
माझ्याकडे कुणी दिलेलं घरगुती चॉकलेट वर पांढरं पडलंय. बुरशी का?

पाटावरवंटा
बोटाने घासा. चिकट-मेणचट लागून वितळलं तर लोणी वर आलंय. खरखरीत कोरडं असेल तर साखर वर आलीये, म्हणजे फ्रिजमधून काढल्यावर पाणी सुटलं होतं. खायला दोन्ही चालतं.

पहिल्याचं कारण टेम्परिंग. कोकोचं लोणी सहा तऱ्हांनी गोठू शकतं, आपल्याला हवी ती पाचवी तऱ्हा: चकाकते, टचकन मोडते, तोंडातच वितळते. रीत: चॉकलेट ४५-५० अंशांपर्यंत पूर्ण वितळवा, ढवळत २७-२८ पर्यंत उतरवा, पुन्हा ३१-३२ ला आणा आणि साच्यात. सोपी वाट म्हणजे दोन भाग वितळवून ३४ पर्यंत उतरल्यावर एक भाग आधीच जमलेलं चॉकलेट किसून त्यात ढवळणं. त्यानंतर ३३ च्या वर गेलात तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. हाताचा अंदाज चालत नाही, काडीचा थर्मामीटर घ्या. पडताळा: सुरीचं टोक बुडवून खोलीत ठेवा, पाच मिनिटांत सुकून चमकलं तर साचे भरा. हे २० अंशांच्या खोलीचं. आपल्याकडे एप्रिलमध्ये ते पातं तासभरही सुकत नाही, कारण खोलीच चॉकलेटपेक्षा गरम असते.

मखमलाबादकर
ठरलं. चार ड्रम, दोन जाती, पुढच्या जूनमध्ये. आणि ५ किलो बी आत्ताच मागवतो.

पाटावरवंटा
आत्ता नको, नोव्हेंबरअखेर मागवा. बीला पोरकिडे लागतात, आलं की पहिले चार दिवस हवाबंद पिशवीत डीप फ्रीझरला, आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता पूर्ण रात्र तशीच ठेवा, नाहीतर दाण्यावर पाणी धरतं. पाखडलेली टरफलं गुलाबाखाली टाकायला चांगली, पण घरात कुत्रं असेल तर नाही. त्यातलं थिओब्रोमिन कुत्र्याला विषारी असतं, आणि वास गोड येतो म्हणून ते खातंच.